धुऱ्यावरचा वाळला निंब

कमरेला विळा, एक हात निंबाच्या खोडावर आणि तोंडात एकच वाक्य: "हात तं लावून पाह्य!" तुम्ही कधी मोताळ्याच्या आठवडी बाजारात गेला असाल, तर तिचा आवाज तिथवर ऐकला असेलच. त्या आवाजाला दचकून माझ्या म्हशीने एकदा थेट दहीच दिलं. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

गाव तिला बुढी म्हणायचं, तेही ती नजरेआड झाल्यावर. तिचं कोणाशीच पटलं नाही. माझं शेत तिच्या खालच्या अंगाला, त्यामुळे शिव्या माझ्याकडे पाटाच्या पाण्यासारख्या वाहत यायच्या. वरच्या अंगाला वसंताचं शेत. तिच्या आणि वसंताच्या शेतामधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो निंब, कधीचा वाळलेला. बाकी सगळ्यांनी आपापले धुरे जेसीबी लावून वस्तऱ्याने केल्यासारखे गुळगुळीत करून टाकले होते. पिवळ्या टोपीचे सुतार पक्षी आमच्याकडे पूर्वी पायलीचे पन्नास. त्यांना घरट्यासाठी वाळलं खोडच लागतं, आणि तसं हे एकच उरलं होतं.

"वाळलं झाड काऊन ठेवतं वं काकू? माह्यं ट्रॅक्टर वळत नाही," वसंता कुरकुरायचा.

"तू बी वाळलाच हायेस. तुले तोडलं का कोनं?"

त्यात राहणाऱ्या पाखरावर तिची माया होती, असं समजू नका. त्यालाही शिव्याच. "ठोक मेल्या, ठोक! दुपारी डोळा लागू देशीन तं शपथ हाये तुले!"

आमच्याकडे होळीला कोणाचंही वाळलं लाकूड उचललं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. वसंताने नेमकं हे हेरलं. होळीच्या दिवशी भर दुपारी गल्लीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर हजर. खोडात पिल्लं चिरचिरत होती.

"लाकूडच पाह्यजे ना?" बुढी विळा परजत म्हणाली, "चाला घरी!"

तिने आपली खाट अंगणात भिरकावली.

"इतक्यानं काय होते?" वसंता म्हणाला.

तशी तिने घराचं दार बिजागरीतून उचकटलं आणि त्याच्या अंगावर ढकललं. "घे! आता कमी पडलं तं तुह्ये हाडं घालीन. निंबाले हात तं लावून पाह्य!"

त्या वर्षी होळी अशी पेटली, की तिकडे अजिंठ्याच्या लेण्यांत उजेड पडला म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

पुढची थंडी तिने दाराच्या जागी गोणपाट लावून, भुईवर निजून काढली. मी एक जुनं दार देऊ केलं. "तुह्या तोंडाले लाव ते," ती म्हणाली. थंडी सरता सरता खोकल्याने तिला नेलं.

तेरवी उरकली आणि वसंता मशीनची करवत घेऊन धुऱ्यावर उभा. मी धापा टाकत पोचलो.

"वसंता, थांब. बुढी आत बसली हाये."

"काऊन फेकून राह्यला बे? मेली ना ते!" त्याने करवतीची दोरी हातात धरली.

खोडातून आवाज आला. ठक्. ठक् ठक् ठक्.

वसंताने वर पाहिलंसुद्धा नाही. हातातली करवत खाली आली, तो मागे सरकला आणि खोडावर चिडून खेकसला, "हाव वं काकू, हाव! जाऊन राह्यलो ना!"