मोटारीपुढे चालणारा माणूस

माझी सगळी नोकरी भूगोल आणि गणित शिकवण्यात गेली. वर्गात कोणी भुताची गोष्ट काढली, की मी त्याला दोनच प्रश्न विचारत असे. किती जणांनी पाहिले? आणि किती उजेडात पाहिले? बहुतेक गोष्टी तिथेच गळून पडत. आज मी जे सांगणार आहे, त्यालाही वाचकांनी हेच प्रश्न लावून पाहावेत. पाहणारे आम्ही तिघे होतो. वेळ भर दुपारची होती... आणि तरीही माझ्यापाशी उत्तर नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होते. मूल या गावाहून सावली गावाकडे जाणारा रस्ता मुरमाचा होता. दोन्ही बाजूंना साग, ऐन आणि मोह; मध्येच धानाच्या बांध्या आणि पुन्हा जंगल. मी सावलीला मास्तर होतो. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या एका धनिकाचा तळ गावाबाहेरच्या तलावाजवळ पडला. नाव सांगत नाही. सगळे त्यांना साहेबच म्हणत. तंबूत गालिचे, लाकडाच्या भुशात ठेवलेला बर्फ, जेवताना ग्रामोफोन, अंघोळीला घडीचे टब. असा प्रवास आम्ही कोणी पाहिला नव्हता. मला दुभाष्या म्हणून बोलावले होते, कारण साहेबांना इथली बोली कळत नसे आणि गोंडी तर मुळीच नाही.

साहेबांचा खरा जीव मात्र मोटारीत होता. लांब नाकाची, उघड्या टपाची परदेशी स्पोर्ट्‌स मोटार. पुढे दोघांची बैठक, मागे जेमतेम एक माणूस अंग चोरून बसेल इतकी जागा. ती चालवायला त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना, लक्ष्मणरावांना ठेवले होते. लक्ष्मणराव आधी लाकडाचे ट्रक चालवत. हात इतका हलका, की गिअर कधी बदलला ते कळत नसे.

साहेबांच्या एका मित्राने आदल्या दिवशी आपल्या मोटारीने मूल ते तलाव हे अंतर घड्याळ लावून कापले होते. साहेब लक्ष्मणरावांना म्हणाले, "कल तुम उससे जल्दी पहुँचाओ, तो मेरे साथ बंबई चलो. पक्की नौकरी, रहने को कमरा."

बहिणीने, कौसल्येने, त्याच संध्याकाळी भांडी तागाच्या पोत्यात भरायला घेतली. लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि तोवर ती दिराच्या घरात पडवीतच राहत होती.

"अजून नोकरी लागली नाई, अन् इनं तवा बी बांधला," लक्ष्मणराव हसून म्हणाले. "उद्या पोळ्या कायच्यावर करशीन?"

"तुमच्या मोटारीच्या बॉनेटवर," ती म्हणाली. "गरम तं राह्यतेच ते."

आता त्या रस्त्याविषयी एक गोष्ट समजावून सांगायला हवी. मूलच्या पुढे एका मोहाच्या झाडाखाली फांद्यांचा मोठा ढीग होता. ज्या जागी वाघाने माणूस नेला, तिथून जाणाऱ्याने एक डहाळी तोडून ठेवायची. गाडीवानाने गाडीवरून उतरून बैलांच्या बाजूने पायी चालायचे आणि ढीग मागे पडल्यावरच पुन्हा बसायचे, असा आमच्या भागातला रिवाज. तो ढीग लक्ष्मणरावांच्या वडिलांचा होता; वाघाने त्यांना तिथूनच नेले होते. म्हातारबा गाडीवान होते. उजवा पाय थोडा ओढत चालायचे. खांद्यावर घोंगडी, हातात बैल हाकायची काठी. मी त्यांना कौसल्येच्या लग्नात पाहिले होते, पंगतीत माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा मुलगा ट्रक घेऊन कितीही घाईत असो, तिथे उतरल्याशिवाय पुढे गेला नव्हता.

त्या दुपारी मूलच्या नाक्यावर लक्ष्मणरावांनी मला साहेबांना हे सांगायला लावले. मी सांगितले. साहेबांनी मान हलवली. "वापसी में उतर जाना. आज घड़ी चल रही है."

लक्ष्मणराव माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ठीक आहे गुरुजी. बाबा समजून घेईन. सुनेसाठीच तं आहे."

आम्ही निघालो. आभाळ भरलेले होते, ऊन नव्हते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण उन्हात तापलेल्या रस्त्यावर दूरचे दृश्य भ्रामक दिसते, हे मी स्वतः वर्गात शिकवले आहे. मोटार अशी पळत होती, की सागाची झाडे वेगळी दिसेनात. साहेब खुशीत होते. मोहाचे झाड आले तसे लक्ष्मणरावांनी एक हात कपाळाला लावला, पण वेग कमी केला नाही. ढीग मागे गेला.

त्यानंतर पुढे रस्त्यावर एक माणूस दिसला.

पाठमोरा होता. डाव्या कडेने सावलीच्याच दिशेने चालला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आमच्या वेगाने तो चार श्वासांत मागे पडायला हवा होता. पण तो होता तिथेच राहिला... म्हणजे आमच्यापासून तेवढ्याच अंतरावर. तो चालत होता, घाईने नाही, बाजारातून परतणारा माणूस चालतो तसा. आणि मोटारीचा काटा साठीच्या पुढे गेला होता.

"हॉर्न दो," साहेब म्हणाले.

लक्ष्मणरावांनी हॉर्न दिला. त्या माणसाने वळून पाहिले नाही.

मी मैलाचा दगड पाहिला. तो मागे गेला. काही वेळाने दुसरा गेला. झाडे मागे जात होती, मोऱ्या मागे जात होत्या, धूळ उठत होती. म्हणजे मोटार चालत होती यात शंका नाही. फक्त तो एक माणूस मागे जात नव्हता. त्याचा उजवा पाय किंचित ओढत होता.

"ये आदमी दौड़ रहा है क्या?" साहेबांचा आवाज बदलला होता. "तेज़ चलाओ."

लक्ष्मणरावांनी पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला, मोटार थरथरू लागली. अंतर तेवढेच राहिले. मी पुढे वाकून लक्ष्मणरावांचा चेहरा पाहिला. ते रस्त्याकडे पाहत नव्हते, त्या पायाकडे पाहत होते.

मग त्यांनी मोटार थांबवली.

साहेब घड्याळाकडे बोट दाखवून काही बोलले. मी ते भाषांतरित केले नाही. तशी गरजही नव्हती. लक्ष्मणरावांनी बूट काढून सीटखाली ठेवले. रस्त्याकडेची ऐनाची एक डहाळी तोडली आणि अनवाणी चालू लागले. पुढचा माणूसही थांबला होता. मोटारीला न कापता आलेले अंतर त्यांच्या साध्या पावलांनी कमी होत गेले. दोघे शेजारी उभे राहिलेले आम्ही पाहिले. साहेबांनीही पाहिले. पुढे तो माणूस कडेच्या सागात शिरला आणि लक्ष्मणराव एकटेच परत आले. हातात डहाळी नव्हती.

"कौन था?" साहेबांनी विचारले.

"गाडीवान होता," लक्ष्मणराव म्हणाले. मी तेवढेच हिंदीत सांगितले.

तिथून तलावापर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने गेलो. वाटेत साहेबांनी घड्याळ खिशात घातले. दोन दिवसांनी तळ उठला, मोटार दुसऱ्या माणसाने नेली. निघताना साहेब माझ्याशी सर्व विषयांवर बोलले, त्या दुपारविषयी सोडून.

कौसल्येने पोते सोडले आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

लक्ष्मणराव पुन्हा ट्रकवर गेले. पण त्यांच्यात एक फरक पडला होता. पुढे कोणी असले, की ते त्याला मागे टाकत नसत. बैलगाडी असो, मोळीवाली बाई असो, तिच्या मागे ट्रक सावकाश चालत राही, अर्धा अर्धा दिवस. सोबतचे चेष्टा करत: "लक्ष्मणभाऊ, बैलाच्या शेपटीले ट्रक बांधून राह्यलास काय?" ते हसत, पण बाजूने पुढे जात नसत. ठेकेदाराने काही महिने सोसले, मग काढून टाकले. त्यांनी बैलजोडी घेतली. त्यानंतरची सगळी वर्षे ते वडिलांसारखे गाडीवानच राहिले आणि कौसल्या त्याच पडवीत.

त्या माणसाने काय म्हटले, हे मी त्यांना अनेकदा विचारले. ते विषय बदलत. ते गेल्यावर, तेराव्याला पाहुणे निघून गेल्यानंतर, मी कौसल्येला विचारले. ती भांडी घासत होती.

"मले सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबानं इतकंच इचारलं म्हने — बापू, मी काऊन दिसलो नाई तुले? ढिगापाशीच तं बसून होतो."

"मग लक्ष्मणराव काय म्हणाले?"

"डहाळी देली हातात." तिने तवा उलटा करून उन्हात ठेवला. "दादा, तुमी शिकलेले आहा. तुमाले दिसला होता का थो ढिगापाशी?"

मला दिसला नव्हता. मी त्या वेळी वेगाचा काटा पाहत होतो.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो, की एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचे असेल तर तोच प्रयोग पुन्हा करून पाहावा. त्या रस्त्यावर आता डांबर आहे, मोटारी पुष्कळ आहेत, ढीग मात्र कुठे होता तेही नीट सांगता येत नाही. मी अजूनही कधीकधी तिकडे पायी जातो. पुढे कोणी पाठमोरा चालत असला, की माझी पावले आपोआप मंद होतात. पावले उचलून त्याला गाठता येते का, हा प्रयोग मी आजवर एकदाही केलेला नाही.