चांगला गुडघा

खोगिरं शिवणारा हेर्मिलो मोठा बोलघेवडा. मुलगा रुतिलिओ तान्हा असताना तापानं कसा फणफणला, मग आपण सान हुआनच्या देवळातल्या माउलीला "जगला तर दरवर्षी गुडघ्यांवर तुझ्या दारी येईल" असा नवस कसा बोललो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला खोगिराबरोबर फुकट ऐकवायचा. आणि पोरगंही गुणाचं! कळायला लागल्यापासून दर फेब्रुवारीत दगडी फरशीवरून गुडघे घासत देवळात जायचं.

यंदा मात्र रुतिलिओ परतला तो लंगडतच. बाप त्याला ओदिलिया डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी त्याला टेबलावर निजवलं. गुडघ्याची वाटी दाबली, तर खाली पाणी डचमळलं. पाय दुमडला, तर आत करकर वाजलं.

"एक गुडघा दुसऱ्याशी ताडून बघायचा असतो," बाई वैतागल्या. "तुझे तर दोन्ही नासलेत मेल्या! ओ हेर्मिलो, विजार वर करा. चांगला गुडघा कसा असतो, ते तरी दिसू दे याला."

हेर्मिलोनं विजार उलट खालीच ओढली. "माझं म्हाताऱ्याचं काय बघता?"

"नव्या नवरीसारखे लाजू नका. करा वर."

गुडघा मुकाट दुमडला, मुकाट सरळ झाला. बाईंचा अंगठा लांबलचक व्रणावर थांबला. "अगं बाई! हा तर पार चुरडला होता की. कधी?"

"लग्नाआधी घोड्यावरून पडले होते अपा," रुतिलिओनंच सांगून टाकलं.

बापानं मान हलवली. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याची शरमही वाटली.

"बरं," बाई रुतिलिओकडे वळल्या, "आता गुडघ्यांवर चालणं कायमचं बंद."

"छे! अपांनी शब्द दिलाय माउलीला. म्हणून तर जगलो मी."

ते सुजलेले दोन गुडघे हेर्मिलोला बघवेनात.

"तुला ताप कधी आलाच नव्हता, पोरा," तो म्हणाला. "तू पाळण्यात होतास तेव्हा पडलो मी. पाय कापायचं चाललं होतं. नवस माझ्या पायासाठी होता रे."

"मग माझे गुडघे कशाला बोललात?"

"माझा पुन्हा मोडेल, अशी भीती वाटली."

बाई हात धुवायला गेल्या त्या तिकडेच रेंगाळल्या. रुतिलिओ सावकाश टेबलावरून उतरला. बापानं आधाराला पुढं केलेला हात त्यानं धरला नाही.

"पुढच्या वर्षीपासून मी जातो," हेर्मिलो रडवेला झाला. "माझ्या गुडघ्यांवर."

"राहू द्या, अपा. दोन घालवून एक वाचवलाय. जपून वापरा."