फिनेलच्या बाटलीमागची वही

“मंगळवार, १४ नोव्हेंबर. पहाटे ५.४० ला जाग. आभाळ स्वच्छ. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे, किल्ली दिली. सूनबाईचा चष्मा दुरुस्त होऊन आला. अकरा वाजता डॉक्टर. पोट बरं. दोन वेळा.”

या नोंदीतलं आभाळ खरं, घड्याळ खरं, चष्माही खरा. खोटं होतं ते एवढंच, ‘दोन वेळा’. बाई त्या दिवशी नऊ वेळा शौचाला गेल्या होत्या आणि त्यातल्या चार वेळा रक्त पडलं होतं.

बाईंनी एकतीस वर्षं कोर्टाच्या नकला विभागात काढली. मूळ कागदावरून हातानं नक्कल उतरवायची, खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून सही ठोकायची. खाडाखोड चालत नसे. शेवटच्या ओळीत शाईचा ठिपका पडला तरी पान पुन्हा पहिल्यापासून. किडकिडीत, ताठ आणि सदा कागदांत खुपसलेल्या, म्हणून कचेरीत त्यांना ‘टाचणी’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

डायरी त्याहून जुनी. कॉन्व्हेंटमध्ये असताना एका सिस्टरनं सवय लावली होती : दिवसभर पेन्सिलीनं कच्चं लिहायचं, संध्याकाळी शाईनं पक्कं. त्याच सिस्टरनं दुसरीही एक गोष्ट शिकवली. वर्गातून बाहेर जायचं असेल तर हात वर करून सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि परवानगी मिळेपर्यंत तसंच थांबायचं. बाई सात वर्षांत एकदाही उभ्या राहिल्या नाहीत. घरी पोचेपर्यंत दात आवळून बसत.

आणि आता, बहात्तराव्या वर्षी, हे. उन्हाळ्यात डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी केली आणि सांगितलं, “आजी, तुमच्या मोठ्या आतड्याला आतून व्रण झालेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. तुम्ही काही वेडंवाकडं खाल्लंत म्हणून झालेलं नाही. मुळापासून जाईलच असं नाही, पण ताब्यात ठेवता येतं.” आतड्याची सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या, जोडीला स्टेरॉइड. वर एक काम लावून दिलं : रोज किती वेळा, रक्त होतं की नाही, रात्री किती वेळा उठलात, सगळं लिहून आणायचं.

लिहायचं म्हटल्यावर बाईंना हुरूप आला. न्हाणीघरात फिनेलच्या बाटलीमागे एक छोटी वही ठेवली, पेन्सिल दोऱ्यानं बांधली. तिथे सगळं जसंच्या तसं. संध्याकाळी मात्र टेबलाशी बसून शाईनं उतरवू लागल्या की ‘अकरा वेळा’ या शब्दांपाशी हात थांबे. असलं कुणी शाईनं लिहितं? मग अकराचे पाच व्हायचे. पुढे तीन झाले. ‘रक्त’ची जागा ‘किंचित लाली’नं घेतली, आणि एके दिवशी लालीही गेली.

हीच पक्की प्रत डॉक्टरांच्या हातात पडली. ते पानं उलटत म्हणाले, “काय सुरेख अक्षर आहे. गुण येतोय, आजी. आता स्टेरॉइड दर आठवड्याला एक गोळी कमी करत जाऊ.”

बाईंनी मान डोलावली. कौतुक अक्षराचं होतं, तेवढं त्यांनी घेतलं.

दहा दिवसांनी, शुक्रवारी, त्या कोपऱ्यावरच्या कागद-पेनांच्या दुकानात शाई आणायला गेल्या. बँक, औषधांचं दुकान, वाचनालय, रस्त्यात कुठे कुठे जाता येतं हे त्यांना पाठ होतं. या दुकानात तशी सोय नव्हती. दुकानदार बाटली कागदात गुंडाळत होता. पोटात कळ आली आणि पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. दुकानदारानं एकदा पाहिलं, मग पाठ फिरवून फळीवरची पेनं मोजायला लागला. मोजून झाली तरी वळला नाही. त्याचं ते न वळणंच बाईंना सर्वांत जास्त लागलं. शाल कमरेला गुंडाळून त्या घरी आल्या आणि साडी स्वतः धुतली. सुनेला सांगितलं, चिखल उडाला. रस्ते कोरडे ठणठणीत होते.

रविवारी त्या अंगात त्राण नाही म्हणून पडून होत्या. सून न्हाणीघर धुवायला गेली, फिनेल काढायला हात घातला आणि वही घेऊनच बाहेर आली.

“आई, हे काय? मला आधी वाटलं बादल्यांचा हिशेब. सारखा नळ सोडता, म्हटलं आता मोजायलाही लागल्या.”

“आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सोडते,” बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “वही दे इकडे.”

“अकरा. दहा. नऊ, चार वेळा रक्त.” सून पानं उलटत होती. “तुमच्या मुलाला तर तुम्ही बरं आहे म्हणून सांगता. डॉक्टरांना काय दाखवलंत?”

“पक्की प्रत.”

“त्यात किती?”

“दोन.”

सून खुर्ची ओढून बसली. “म्हणजे गोळी कमी केली ती त्या दोनवर? धन्य आहे तुमची. शुक्रवारच्या साडीला चिखल नव्हता, ते मला कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून गप्प बसले.”

“तुला कसं सांगणार?”

“मला नका सांगू. पण वैद्याशी कसली लाज? उद्या दवाखान्यात मी तुमच्याबरोबर आत येते.”

“नको.” बाई उठून बसल्या. “तू बाहेर बस. मी देते.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्या दोनदा जाऊन आल्या. एकतीस वर्षांत हजारो कागदांखाली त्यांनी ‘खरी नक्कल’ लिहिलं होतं, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. आजाराची शरम होतीच. आता तिच्यावर ही दुसरी चढली होती, आणि ती जास्त जड होती.

आत गेल्यावर पर्समधून वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. वहीला फिनेलचा वास येत होता, कडा ओलसर होत्या.

“हे मूळ,” त्या म्हणाल्या. “आधी दिली ती नक्कल चुकीची होती. मीच चुकवली.”

डॉक्टरांनी चार पानं वाचली. “मी तुमच्या शाईवर भरवसा ठेवून औषध कमी केलं, आजी.”

“हो.” मान वर करणं त्यांना जमलं नाही.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची जवळ घेऊन सांगत बसले. आधी जंतुसंसर्ग नाही ना, ते तपासायचं. स्टेरॉइड वर्षानुवर्षं देता येत नाही, हाडं पोखरतात. सलाइनमधून द्यायचं एक नवं औषध आहे. त्याआधी क्षयाची तपासणी, मग सुरुवातीला तीन डोस आणि पुढे दर आठ आठवड्यांनी एक. काहीच लागू पडलं नाही तर ऑपरेशन, मोठं आतडं काढून पोटाला पिशवी.

पिशवी म्हटल्यावर बाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. “आधी ते सलाइन,” त्या म्हणाल्या.

“आधी तपासण्या. आणि वही हीच आणायची, दुसरी उतरवायची नाही.”

बाहेर सून उभी होती. ती म्हणाली, “घरी जायच्या आधी जाऊन या.” शेजारी बसलेल्यांनी ऐकलं. बाईंचे कान तापले. पण त्या गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी दौत उघडली. ‘दहा वेळा, पाचदा रक्त’ हे शाईनं लिहायला त्यांना पाव तास लागला आणि एक शब्द पसरला. पान फाडलं नाही. खाली पुढची ओळ लिहिली :

“फिनेल संपत आलं आहे. सूनबाईनं बाटली वरच्या फळीवर ठेवली. वही होती तिथेच, आता उघड्यावर.”