चांदी भरायच्या आधी

दातांच्या दवाखान्यात कामाला लागले तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. चिंचवड स्टेशनजवळ सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर तो दवाखाना होता. बाहेर एक बाक, आत एक खुर्ची. वडील पिंपरीच्या एका कंपनीत होते. ते दाढ काढायला म्हणून तिथे गेले आणि येताना माझं काम ठरवून आले. आई म्हणाली, दात कोरून पोट भरत नाही. वडील हसले, पण गाल सुजलेला असल्यामुळे ते हसणं नीट बाहेर आलं नाही.

डॉक्टर तापट होते, पण त्यांची अट सरळ होती. दिवाळीपर्यंत शिकवणार. हात बसला तर कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कारण आईने मामाच्या ओळखीतलं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. मला ती खुर्चीशेजारची जागा हवी होती. आपल्याला काहीतरी येतं, असं म्हणायची मला हाव होती. दुसरा शब्द नाही.

अवजारं उकळायला, कापसाच्या वळकट्या करायला मी लवकर शिकले. आरसा धरायलाही शिकले. उजेड दाढेवर पडला पाहिजे, पेशंटच्या डोळ्यांत नाही. अवघड होतं ते सिमेंट. दाढ खोल किडलेली असली तर डॉक्टर लगेच चांदी भरत नसत. आधी कच्चं सिमेंट भरायचे, काही आठवडे ठणका थांबतो का बघायचे, मग चांदी. ते सिमेंट मी कालवायची. काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड आणि लवंगेचं तेल घेऊन पट्टीने घोटायचं. सैल झालं तर लाळेने विरघळून निघून येतं, फार घट्ट झालं तर बसतच नाही. घरी कणीक मळतानासुद्धा मी मध्येच बोटांनी बारीक गोळ्या करत बसायची. आई म्हणायची, चपात्या करतेस का औषधं?

तो पेशंट यायचा पहिली पाळी सुटल्यावर, एक दाढ खोल किडलेली घेऊन. भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होता, चाकणजवळच्या एका खेड्यातून एसटीने ये-जा करायचा. चाकण तेव्हा कांद्याच्या बाजाराचं गाव होतं. आज तिथे कंपन्याच कंपन्या आहेत, तेव्हा तिथली पोरं काम शोधत आमच्याकडे यायची. कितीही हात धुतले तरी त्याच्या नखांतलं ऑइल जायचं नाही, म्हणून खुर्चीत बसला की तो मुठी मिटून घ्यायचा. ते मला फार आवडायचं.

गळ्याशी टॉवेल बांधताना त्याची तुळशीची माळ मला आधी सदऱ्याच्या आत सारावी लागे. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. आई ज्या गावातून आली होती तिथे आमच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. इथे मी चूळ भरायला पेला द्यायची. तो चूळ भरायचा आणि उरलेलं पाणी पिऊन टाकायचा. डॉक्टर ओरडायचे, अहो, ते थुंकायचं पाणी आहे. तो मान हलवायचा आणि पुढच्या वेळी परत प्यायचा.

त्याच्या सगळ्या दाढा मला पाठ होत्या, पण त्याचा आवाज मी जेमतेम ऐकला होता. बिचारा बोलणार कधी? तोंडात कापूस, आरसा आणि डॉक्टरांची बोटं. नजर मात्र मोकळी होती, आणि ती छताकडे ठेवायची असते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीही शिकवलं नाही.

मग त्याचं सिमेंट निघालं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, पूड थोडी वाढव. मी वाढवली. ते पुन्हा निघालं. मी आणखी जपून कालवलं, तर आठवड्याने स्वारी परत दारात हजर, गालावर हात ठेवून. बाकी कुणाचं निघत नव्हतं. त्याला पाहून मला आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी मामाच्या ओळखीतलं ते स्थळही डोळ्यांसमोर यायचं. एकाच माणसाच्या येण्याने असं दोन्ही होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सांगितलं, "ह्यांचं पुन्हा निघालं तर तू घरी जा. काहींचा हात बसत नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस." मला फार वाईट वाटलं. इतकं की मी त्याच्याकडे पाहायचंच टाळलं.

इतक्यात खाली सायकलवाल्याशी कशावरून तरी वाद झाला आणि डॉक्टर तणतणत जिना उतरले. जाताना दाढ कोरडी करून ठेव म्हणाले. मी आरसा घेऊन वाकले. विरघळलेलं सिमेंट कडेला चिकटून राहतं, हे एव्हाना मला कळत होतं. इथे दाढ खरवडून रिकामी केलेली होती आणि कोपऱ्यात काडीचं बारीक कुसळ अडकलं होतं. मी ते चिमट्याने काढून त्याच्यासमोर धरलं. त्याचे कान लाल झाले. ताकाला येऊन भांडं लपवणारा माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. हसू येत होतं आणि रडूही.

मी म्हटलं, "आता काढू नका. मला काढून टाकतील."

त्याने तोंडातला कापूस बाहेर काढला. "मला म्हाईत नव्हतं तुमच्यावर येतंय. आज कळलं. आता न्हाई काढायचो." मग म्हणाला, "पन मग मी यायचं कसं?"

जिन्यावर डॉक्टरांची पावलं वाजली. माझ्या हातात आरसा होता, चिमटा होता आणि डोक्यात दिवाळी होती. मी कापूस पुन्हा त्याच्या गालात बसवला.

सिमेंट टिकलं. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्यावर टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, शाबास. चांदी मलाच खलायला दिली. असा जीव ओतून मी पुढे कधी चांदी खलली नसेल. भरून झाल्यावर डॉक्टरांनी त्याला त्या बाजूने दोन तास चावू नका म्हणून सांगितलं आणि सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलं. तो हो म्हणाला. दुखत नसताना दात दाखवायला त्या काळी कोण येतं?

दिवाळीला मी कायम झाले. वडिलांनी पेढे आणले, ते स्थळही मागे पडलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. तरी पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माझं लक्ष जिन्याकडे जायचं. पुढे माझं लग्न झालं, ते आमच्यातच झालं आणि चांगलं झालं. दोघांच्या मधली ती भिंत मला दिसत नव्हती असं नाही. एवढी भिंत आम्ही ओलांडली असती असंही मी म्हणत नाही. पण त्याची दुसरी एखादी दाढ किडावी, असं मी कित्येक दिवस मनोमन म्हणत होते. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये म्हणतात. मी चिंतलं, आणि त्याचे दात तेवढे चांगले निघाले.

यायचं कसं, असं त्याने विचारलं होतं. असंच या, एवढंच म्हणायचं होतं मला.