मुळाविना भरलेली लोंबी

आमच्या मुलाची एक आवडती गोष्ट आहे. सिंगापुरातली चार मराठी घरं जेवायला जमली, पुऱ्या संपत आल्या, की तो ती सांगतो. वादळात त्याच्या बायकोचं भाताचं झाड उन्मळून पडलं, बाबांच्या मुरलेल्या नजरेला ते सगळ्यांत आधी दिसलं, म्हणून तिचं संशोधन वाचलं. मंडळी माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि मी ताटाकडे बघतो. ती गोष्ट खरी नाही. खरी काय ते लिहून ठेवतो.

दोन हजार पंधराच्या आसपास मी सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. सून जवळच्या विद्यापीठात भातावर काम करायची. लोंबीच्या खालच्या, देठाकडच्या भागातले दाणे पोचट का राहतात, हा तिचा प्रश्न. मी नोकरीभर भाताच्या बीजोत्पादनात होतो, त्यामुळे मला तो प्रश्नच वाटत नव्हता. "खत कमी, नाहीतर पाणी कमी. दुसरं काय असतं?" मी म्हणायचो. ती हसून म्हणायची, "बाबा, आमच्या कुंड्यांना दोन्ही पोटभर आहे. तरी तक्रार आहेच."

एका शनिवारी पहाटे सुमात्रा आला. समुद्रावरून येणाऱ्या त्या वादळी वाऱ्याला तिथे असंच म्हणतात. विद्यापीठाच्या गच्चीवर तिच्या कुंड्यांवरची जाळी फाटल्याचं कळताच ती निघाली, मीही सोबत गेलो. बऱ्याच कुंड्या आडव्या झाल्या होत्या. मला त्या उभ्या करायला सांगून ती बांबूच्या काड्या आणि सुतळी आणायला खाली गेली.

कुंड्या सरळ करता करता एका रांगेशी मी थांबलो. बाकी सगळी झाडं पिकत येऊन पिवळसर, माना झुकवत होती, एकच झाड हिरवंगार उभं होतं. दाणे अजून दुधात, म्हणजे आत नुसता पांढरा चीक. बियाण्याच्या प्लॉटमध्ये असं झाड म्हणजे भेसळ. आमचा नियम होता, शंका आली की उपटा, विचार नंतर करा. हात आपोआप बुंध्याशी गेला. फुटव्यांसकट ओढून काढलं, मुळांची माती पायावर झटकली आणि झाड उन्हात कठड्याशी टाकलं. मला वाटलं, सुनेचं एक काम हलकं केलं.

ती यायला उशीर झाला. तोवर पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या.

"अगं बाई! हेच?" तिच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. ते एकच झाड तसं होतं. खालचे दाणेही भरू पाहणारं. त्याचं बी धरलं तर पुढचं काम, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

"वाऱ्यानं पडलं?" तिनं विचारलं.

"हं," मी म्हणालो.

माझं खोटं एवढंच, एका अक्षराचं.

ती रडली नाही. बादलीत पाणी घेऊन तिनं लोंब्या देठासकट पाण्याखालीच कापल्या, म्हणजे देठात हवा शिरत नाही. प्रयोगशाळेत नेऊन त्या साखरेच्या पाण्याच्या बाटल्यांत उभ्या केल्या. पाण्यात थोडं नत्र, बुरशीचं औषध, आणि दोन-तीन थेंब कसलेसे.

"हे काय?"

"सायटोकायनिन, वाढीचं संप्रेरक. झाडात ते मुख्यतः मुळांकडून येतं. इथे मुळं नाहीत, म्हणून वरून."

"साखर आहे की. मग दाणा भरणारच."

"साखर म्हणजे तांदूळ झाला, बाबा. पण पातेलं? फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या दिवसांत दाणा स्वतःचं पातेलं घडवतो, आतल्या पेशी वाढवतो. त्या किती वाढवायच्या, ते बरंचसं हे सांगतं. पातेलं लहान राहिलं तर मागून कितीही तांदूळ आला तरी उपयोग काय?"

"आणि खालच्या दाण्यांचं?"

"ते उशिरा फुलतात. वरच्या पंगतीला श्रीखंड, खालच्या पंगतीला ताक. शिवाय ते इथिलीन जास्त सोडतात आणि स्वतःच खुंटतात."

"केळी पिकवतो तो वायू?"

"तोच!"

मी रोज बसनं तिच्याबरोबर जाऊ लागलो. ती लोंबी दिव्यासमोर धरायची आणि टरफलाआड सावली दिसायची. आज नखाच्या कोरीएवढी, काही दिवसांनी अर्ध्या टरफलापर्यंत. ना माती, ना मूळ. जन्मभर मी भाताचं बी पोत्यांनी मोजलं, पण दाणा भरताना पहिल्यांदा पाहिला, बाटलीतल्या देठावर. डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या कशानं तरी त्याला सांगितलं होतं, अजून वाढ. शेवटी हिरवं टरफल पिवळं पडू लागलं, तेव्हा ती म्हणाली, "आता दुसरं संप्रेरक बोलतंय. पुरे, वाळ आणि झोप. ते नसतं तर बी झाडावरच उगवलं असतं."

सगळे दाणे भरले नाहीत. जे भरले ते तिनं वाळवून, काही आठवडे ठेवून पेरले. कुंडीत हिरवी सुई दिसली त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं.

ती कुंडीकडेच बघत होती. "माहीत आहे, बाबा. मुळांची माती झटकलेली होती. वारा एवढा नीटनेटका नसतो."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तेव्हा लोंब्या पाण्यात घालायच्या होत्या."

नवऱ्याला तिनं सांगितलं नाही, आणि मला ते आजवर जमलं नव्हतं. आता हे वाचून त्यानं ती गोष्ट थांबवावी, किंवा निदान बरोबर सांगावी. लोंब्या वाचवल्या त्या तिनं.

त्याच बियांचं पीक लोंबीवर आलं तेव्हा तिनं मला पुन्हा गच्चीवर नेलं. "यायचं तर हात मागे बांधून," तिनं बजावलं. मी शाळेतल्यासारखे हात मागे घेऊन रांगेतून चाललो. तिनं एक लोंबी उलटी केली आणि अगदी बुडाचा दाणा चिमटीत दाबला. पांढरं दूध तिच्या बोटावर आलं. हात मागेच ठेवून मी वाकलो आणि बराच वेळ तो थेंब बघत राहिलो.