लाखेवर विश्वास असलेले साडू

आमच्या साडूंइतका संशयी माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. एका सरकारी कार्यालयात त्यांनी तीस वर्षं टेंडरं सांभाळली आणि तो संशय नोकरीबरोबर घरीही आणला. मंडईत तिघांना दर विचारल्याशिवाय कांदा घ्यायचे नाहीत, आणि तिसरा बागवान दिसला नाही तर कांद्यावाचून परत यायचे. कुलूप ओढून बघायला ते चौकातून माघारी फिरत. एकदा म्हैस घ्यायला मी त्यांच्याबरोबर घोडेगावच्या बाजारात गेलो होतो. तिथे रुमालाखाली बोटं दाबून दर ठरतो. साडूंनी दलालाला रुमाल बाजूला ठेवून दर सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायला लावला. दलालानं आम्हा दोघांकडे खालून वर पाहिलं आणि म्हैस दुसऱ्यालाच दिली.

त्यांचा खरा विश्वास लाखेवर. टेंडरच्या प्रत्येक पाकिटावर पाच ठिकाणी लाख तापवून सील मारलेलं हवं, नाहीतर पाकीट पेटीत पडायचं नाही. मेव्हणीनं सांगितलं म्हणून कळलं, लोणच्याच्या बरणीलाही ते लाख लावत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला. वरून आदेश आला की ठेकेदारांनी दर कागदावर न देता फ्लॉपीवर द्यावेत, तुलनेचा तक्ता मशीनच काढील. साडूंच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते आणि सर्व्हिस बुकात एकही लाल शेरा नव्हता. आदेशात सीलबद्दल अवाक्षर नव्हतं, पण पाकीट म्हटलं की सील आलंच, असं त्यांनी ठरवून टाकलं. पहिलं टेंडर शाळांच्या बाकांचं होतं. चौघांनी भरलं. तिघे मुरलेले होते, त्यांनी जाड पाकिटं आणली. चौथा नागापूरच्या शेडमध्ये सुतारकाम करणारा एक तरुण, पहिल्यांदाच टेंडर भरत होता. त्याचं पाकीट पातळ आणि लाख कशी लावतात तेही त्याला ठाऊक नव्हतं. साडूंनी स्वतःच्या हातानं त्याचं सील करून दिलं, अगदी प्रेमानं, भरपूर लाख ओतून.

उघडायच्या दिवशी तीन फ्लॉप्या चालल्या. चौथी पापडासारखी वाकली होती. मशीननं ती घेतलीच नाही. वाचता न येणारी फ्लॉपी बाद, असा नियम होता. साहेबांनी हळूच सुचवलं की बाद लिहून मोकळे व्हा, कशाला वाढवता. तिघा ठेकेदारांची काहीच हरकत नव्हती. सुतार तर आपलीच फ्लॉपी खराब निघाली असं समजून खाली मान घालून उभा होता. साडूंनी सुटका करून घेतली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी चष्मा पुसला आणि साहेबांसमोर कार्यवृत्तात लिहिलं, ‘सील मी केले. चूक माझी. निविदा पुन्हा मागवाव्यात.’

निविदा पुन्हा मागवल्या. साडूंना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि तीस वर्षांच्या कोऱ्या सर्व्हिस बुकात लाल शेरा आला. निरोप समारंभाला साहेब दौऱ्यावर गेले. साडू म्हणाले, नियमाप्रमाणेच झालं. मेव्हणी मात्र आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो असताना तो सुतार पत्ता शोधत आला. दुसऱ्या वेळी त्याची फ्लॉपी नीट चालली होती, पण काम दुसऱ्याला गेलं होतं.

“भाऊसाहेब, काम काय मिळालं न्हाई,” तो उंबऱ्यातच म्हणाला. “पर माझा दर समद्यांम्होरं वाचला. त्येच सांगाया आलो.”

साडूंनी त्याला बसवून घेतलं, दर किती भरला होता ते विचारलं आणि लाकूड महागाचं धरलंस म्हणून अर्धा तास त्याची हजेरी घेतली. तोही वहीत लिहून घेत होता. मला त्या दिवशी आमच्या साडूंचा फार अभिमान वाटला. तसं त्यांना म्हणायचं मात्र राहून गेलं. एरवी आम्ही त्यांची थट्टाच करत आलो होतो, मध्येच असं काही बोलायला जीभ वळली नाही. आता साडू नाहीत.