त्याच्या वाट्याचे भागाकार

३३३३३३३१ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांच्याखेरीज तिला कशानंही पूर्ण भाग जात नाही. ३१, ३३१, ३३३१ असा डावीकडं एकेक तीन वाढवत गेलं, तर इथपर्यंतची प्रत्येक संख्या मूळच निघते. हे आम्ही दोघांनी हातानं भागून तपासलं, असं ज्येष्ठ नागरिक संघातल्या सत्कारात मीच माइकवरून सांगितलं. ते खरं नव्हतं.

तो आणि मी एकाच शाळेत गणित शिकवायचो. निवृत्तीनंतर क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात सकाळी चहाला बसायचो. तिथंच ठरलं, मोबाइल नको, कॅल्क्युलेटर नको. वर्गमुळापर्यंत, म्हणजे पाच हजार सातशेच्या थोडं पुढपर्यंत, प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं. एक आणि सातनं संपणाऱ्या माझ्या, तीन आणि नऊनं संपणाऱ्या त्याच्या.

बायको गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष. जेवणाच्या टेबलावर मी भागत बसायचो. तो रोज विचारायचा, कुठवर आलास, आणि स्वतःचा आकडा माझ्या थोडा पुढचा सांगायचा. त्या ईर्ष्येनं मी दुपारची झोप सोडली.

दिवाळीआधी दोघांचं संपलं. सत्कारही ठरला. मी म्हणालो, आता आणखी एक तीन लावून बघू.

"ती नाय चालायची. तिला सतरानं भाग जातो," तो खारी चहात बुडवत म्हणाला.

वर्तमानपत्राच्या कडेला मी भागून पाहिलं. बाकी शून्य. तू हे कधी केलंस, असं विचारल्यावर त्यानं उरलेली खारी बशीत ठेवली. मग म्हणाला, आपली संख्या मूळ असल्याचं पहिल्याच दिवशी मोबाइलवर पाहिलं होतं, खाली पुढच्या संख्येचंही दिलेलं होतं. एकही भागाकार त्यानं केला नव्हता.

"मग रोज मला आकडे कशाचे सांगत होतास?"

"तू मधेच सोडू नयेस म्हणून. लई खचला होतास. घरी नुसतं बसून काय केलं असतंस, सांग की."

वर म्हणाला, तीननं संपणाऱ्या संख्येचा भाग गेला असता तर दुसरा अवयव सातनं संपला असता, आणि सातनं संपणाऱ्या तू तपासल्यासच. पण तो दुसरा अवयव वर्गमुळाच्या पलीकडं असता, तिथं मी गेलोच नव्हतो. ही पळवाट काढणाऱ्या पोरांना तो बाकावर उभं करायचा.

माझ्यावर दया करायची होती, तर निदान ती मला कळू द्यायची. मी त्याच्यावर चिडलो, पण शाल खांद्यावर पडली तेव्हा बोललो त्याचंच खोटं. मी एकटाच खुळ्यासारखा भागत बसलो होतो, हे चारचौघांत सांगवेना. त्याची लाज अजून जात नाही.

संघातल्या मंडळींनी एवढं समजून घ्यावं, की अर्धं काम तेव्हा झालंच नव्हतं. ते मी आता करतोय. उत्तर ठाऊक आहे, तरी एकोणतीसनं भागून सहा बाकी आली तेव्हा बरं वाटलं. चहाला आता क्रांती चौक सोडून शहागंजात जातो. त्याचा फोन वाजत राहतो. हे संपल्यावर तरी उचलीन की नाही, ठरवलेलं नाही.